३१ रुपये कुठून आले? रे रोडच्या टॅक्सीतून रेषेचं समीकरण

हा आजच्या भागाचा लिहिलेला मजकूर. ऐकताना आकडे निसटतात, असं तुमच्यापैकी बरेच जण कळवतात, म्हणून यावेळी आकडेमोड ओळीओळीने मांडली आहे. हेडफोन नसतील तर नुसतं वाचलंत तरी चालेल. एक कागद आणि पेन मात्र जवळ ठेवा. फोनचा कॅल्क्युलेटर चालेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

विषय आहे सरळ रेषेचं समीकरण. हो, तेच, वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. आधी एक हिशेब करू.

समजा, तुम्ही रे रोड स्टेशनच्या बाहेर उभे आहात. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड आणि कॉटन ग्रीनच्या मधलं स्टेशन. इथे रिक्षा मिळणार नाही, कारण मुंबई शहर भागात रिक्षा चालतच नाहीत, त्या सायन-माहीमच्या पलीकडे. म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दर असा आहे: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये. तुम्हाला चार किलोमीटर जायचंय. भाडं किती?

पटकन हिशेब केला तर तो असा होतो:

३१ + (४ × २०.६६) = ३१ + ८२.६४ = ११३.६४

म्हणजे ११४ रुपये. आता नीट हिशेब:

३१ + (२.५ × २०.६६) = ३१ + ५१.६५ = ८२.६५

म्हणजे ८३ रुपये. दोन उत्तरांत ३१ रुपयांचा फरक. आणि गंमत अशी की, चारच्या जागी सहा किलोमीटर घ्या, दहा घ्या, फरक तेवढाच राहतो. नवीन माणूस, हातात बॅगा, आणि पहिला हिशेब कोणी आत्मविश्वासाने तोंडावर फेकला, तर तो खरा वाटतो. कारण शाळेत आपण अगदी तसंच समीकरण पाठ केलेलं असतं: एक ठरलेली रक्कम, अधिक दर गुणिले अंतर. मग चुकलं कुठे? ते सापडलं की रेषेचं समीकरण कायमचं डोक्यात बसतं. आजच्या भागात एवढंच करायचंय.

दोन पुस्तकं, ओळख कोणी करून दिली नाही

आधी हे बघू की हा विषय इतका परका का वाटतो. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला गणिताची दोन पुस्तकं. भाग १ मध्ये पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. तिथे समीकरणं सोडवायची, आलेख काढायचा. भाग २ भूमितीचा. त्यात निर्देशक भूमितीच्या धड्यात रेषेचा चढ येतो. पेपर वेगळा, वही वेगळी, कित्येकदा शिकवणारे सरही वेगळे. ‘रेषीय’ हा शब्द ‘रेषा’वरून आलाय, हे समोर लिहिलेलं असूनही कानावरून जातं. ही दोन्ही प्रकरणं एकाच गोष्टीबद्दल आहेत, ही ओळख नीट होते अकरावीत. आणि अकरावीला गणित सोडलं असेल तर ती कधीच होत नाही.

मुळात ही ओळख सतराव्या शतकात फ्रान्समध्ये झाली. रने देकार्तचं भूमितीवरचं पुस्तक १६३७ साली आलं. त्याच सुमाराला पिएर द फर्मा स्वतंत्रपणे हेच करत होता, आणि दोन अज्ञात राशींचं साधं, पहिल्या घाताचं समीकरण म्हणजे सरळ रेषाच, हे त्याने दाखवलं. म्हणजे आकृती आणि समीकरण ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. आपण ‘भाग १’ आणि ‘भाग २’ म्हणतो, ते दोन्ही एकच.

समीकरण म्हणजे एक प्रश्न

आता अक्षरं ठरवू. एक्सला क्ष म्हणू, वायला य. आडव्या अक्षावर क्ष, उभ्या अक्षावर य. टॅक्सीत क्ष म्हणजे किलोमीटर आणि य म्हणजे रुपये. एमला म म्हणू, तो चढ. सीला स म्हणू, म्हणजे सुरुवात: क्ष शून्य असताना य किती, ते. तर शाळेतलं सूत्र असं दिसेल:

य = म × क्ष + स

समीकरण म्हणजे काय, हे मला असं सांगायला आवडतं: कागदावरच्या प्रत्येक बिंदूला विचारलेला एकच प्रश्न. तुझे क्ष आणि य यात टाकले तर दोन्ही बाजू सारख्या येतात का? येत असतील तर तू रेषेवर आहेस. नसतील तर नाहीस. स्टेशनच्या दारावर टीसी तिकीट बघतो तसं. रेषेवरचे बिंदू अगणित, पण तपासायचा प्रश्न एकच. म्हणून रेषेचं समीकरण शोधणं म्हणजे, तिचे सगळे बिंदू पास होतील आणि बाहेरचा एकही पास होणार नाही, असा प्रश्न शोधणं.

चढ: एक पाऊल पुढे, किती वर

रेषा सरळ आहे याचा अर्थ काय? कुठेही उभे राहा, एक पाऊल पुढे गेलात की उंची दर वेळी तेवढ्याच मापाने बदलते. त्या मापाला चढ म्हणतात. काढायचा कसा? कुठलेही दोन बिंदू घ्या. य मधला फरक भागिले क्ष मधला फरक.

म = (दुसरा य − पहिला य) ÷ (दुसरा क्ष − पहिला क्ष)

टॅक्सीत चढ म्हणजे रुपये प्रति किलोमीटर, २०.६६. चढाला नेहमी असं एकक लावून बघायची सवय लावा. ‘दर अमुकला तमुक’ असं वाचता आलं की निम्मी भीती जाते. डेटा पॅकमध्ये दर जीबीला रुपये, गाडीत दर मिनिटाला किलोमीटर, टाकी भरताना दर मिनिटाला लिटर. चढ धन असेल तर रेषा उजवीकडे वर जाते, ऋण असेल तर खाली येते, शून्य असेल तर आडवी.

एक बिंदू आणि चढ, बस

आता मुख्य गोष्ट. रेषा पक्की करायला दोनच माहित्या लागतात: ती कुठून जाते असा एक बिंदू, आणि चढ. तो बिंदू कुठलाही चालतो. शून्यावरचाच पाहिजे असं काही नाही.

त्या बिंदूपासून तुम्ही क्ष मध्ये जितके पुढे गेलात, त्याला चढाने गुणा. तेवढा य वाढला. बस, एवढंच वाक्य. गणितात लिहिलं तर:

य − (माहीत असलेला य) = म × (क्ष − माहीत असलेला क्ष)

टॅक्सीला लावू. आपल्याला खात्रीने माहीत असलेला बिंदू कुठला? दर पुन्हा वाचा. ‘पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये.’ म्हणजे क्ष = १.५ असताना य = ३१. बिंदू आहे (१.५, ३१). चढ २०.६६.

य − ३१ = २०.६६ × (क्ष − १.५)

उजवीकडचा कंस सोडवला: २०.६६ × १.५ = ३०.९९. म्हणून

य = २०.६६ × क्ष − ३०.९९ + ३१
य = २०.६६ × क्ष + ०.०१

शेवटचा आकडा बघितलात? स आला एक पैसा. म्हणजे ही रेषा जवळजवळ शून्यातूनच जाते. मुंबईच्या टॅक्सीत ‘ठरलेली रक्कम अधिक दर’ असं काही नाहीच! ३१ रुपये म्हणजे दीड किलोमीटरचे पैसे, त्याच २०.६६ च्या दराने, पूर्ण रुपयात. फक्त त्याहून कमी अंतर गेलात तरी तेवढे द्यावे लागतात, म्हणून ते ‘किमान’ भाडं.

आता पहिल्या, पटकन केलेल्या हिशेबाकडे परत जाऊ. त्यात ३१ ला स मानलं होतं. म्हणजे बिंदू घेतला (०, ३१), जो आपल्याला कोणी दिलेलाच नव्हता. समीकरण झालं य = २०.६६ × क्ष + ३१. चढ बरोबर, बिंदू चुकीचा. चढ सारखा असलेल्या दोन रेषा समांतर असतात, म्हणून ही चुकीची रेषा खऱ्या रेषेच्या वर, सगळीकडे सारख्याच उंचीवर, ३१ रुपयांनी तरंगत राहते. फरक प्रत्येक अंतराला तेवढाच का राहिला, याचं उत्तर हे. पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा मोजले गेले.

मग स खरा कधी असतो? एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात एक टॅक्सीचंच उदाहरण आहे: दहा किलोमीटरला १०५ रुपये, पंधरा किलोमीटरला १५५. चढ काढा: (१५५ − १०५) ÷ (१५ − १०) = ५० ÷ ५ = १०. आता बिंदू (१०, १०५) घ्या: य − १०५ = १० × (क्ष − १०), म्हणजे य = १० × क्ष + ५. इथे स आहे पाच रुपये, आणि त्याला अर्थ आहे: बसल्याबसल्या लागणारी ठरलेली रक्कम. पुस्तकातली टॅक्सी आणि रस्त्यावरची टॅक्सी यांचा साचा वेगळा आहे. सूत्र पाठ असेल तर दोन्ही सारख्याच वाटतात. बिंदू आणि चढ विचारायची सवय असेल तर लगेच वेगळ्या दिसतात.

आणि एक लक्षात आलं का? आत्ता आपण ‘दोन बिंदूंवरून समीकरण’ हा प्रकारही उरकला. त्याचं वेगळं सूत्र पाठ करायची गरज नाही. दोन बिंदू दिले की आधी चढ काढायचा, मग दोन्हींपैकी कुठलाही एक बिंदू वापरायचा. दुसरा वापरलात तरी उत्तर तेच. इथे (१५, १५५) घेऊन करून बघा.

दोन बिंदू निवडायचे, तर लांबचे निवडा

एक व्यवहारी गोष्ट, जी पुस्तकात सहसा येत नाही. समजा, दर तुम्हाला माहीत नाही, फक्त प्रत्यक्ष दिलेलं भाडं माहीत आहे, तेही पूर्ण रुपयात. वरच्या समीकरणाने चार किलोमीटरला ८२.६५, म्हणजे ८३. सहा किलोमीटरला १२३.९७, म्हणजे १२४. या दोन पूर्ण आकड्यांवरून चढ काढला तर:

(१२४ − ८३) ÷ (६ − ४) = ४१ ÷ २ = २०.५

खरा दर २०.६६. सोळा पैशांनी चुकलं. आता लांबचे बिंदू घेऊ: दीड किलोमीटरला ३१, आणि दहा किलोमीटरला २०६.६१, म्हणजे २०७.

(२०७ − ३१) ÷ (१० − १.५) = १७६ ÷ ८.५ = २०.७१ च्या आसपास

आता चूक पाचच पैशांची. कारण सोपं आहे. पूर्ण रुपयात आणताना प्रत्येक आकड्यात जास्तीत जास्त पन्नास पैसे इकडेतिकडे होतात, मग अंतर दोन किलोमीटर असो की साडेआठ. ती चूक आपण क्षच्या फरकाने भागतो. भाजक मोठा, तर चूक लहान. मोजलेल्या कुठल्याही आकड्यांवरून रेषा काढताना हे उपयोगी पडतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येसुद्धा.

रेषा सरकते की फिरते?

समीकरणात म बदलला आणि स बदलला, यात काय फरक पडतो, तेही टॅक्सीतच दिसतं.

मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात. म्हणजे सगळ्याला १.२५ ने गुणलं. चढ झाला २०.६६ × १.२५ = २५.८२५. रेषा शून्यापाशी खिळून जास्त उभी झाली. चार किलोमीटरला दिवसा ८३, तर रात्री साधारण १०३. दहा किलोमीटरला दिवसा २०७, तर रात्री २५८. वीस रुपयांचा फरक एक्कावन्नवर गेला. अंतर वाढेल तसा फरक वाढतो.

मोठ्या सामानाचे वेगळे पैसे लागतात, ते मात्र अंतरावर अवलंबून नाहीत. दोन किलोमीटर जा की दहा, बॅग तीच. म्हणून तिथे स वाढतो, रेषा स्वतःला समांतर राहून वर सरकते. थोडक्यात, फरक अंतराबरोबर वाढत असेल तर म बदललाय, सगळीकडे सारखा असेल तर स. कोणी जास्त पैसे का मागतंय, हे ओळखायला हा एक प्रश्न पुरतो.

पुलाच्या केबलचं समीकरण

आता टॅक्सीतून उतरू आणि वर बघू. रे रोड स्टेशनजवळ, बॅरिस्टर नाथ पै मार्गाला जोडणारा, हार्बरच्या रुळांवरून जाणारा नवा केबल-स्टेड पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. या प्रकारच्या पुलात उंच मनोऱ्यापासून रस्त्यापर्यंत ताणलेल्या केबल असतात. ताण इतका की त्या आपल्याला सरळच दिसतात. म्हणजे शहराच्या मधोमध रेषांचा अख्खा धडा उभा आहे. फुटपाथवरून, सुरक्षित जागी उभं राहून एक फोटो काढा, आणि फोटो एडिटरमध्ये उघडा. कर्सर किंवा बोट ठेवलं की जागेचे पिक्सेल सांगणारी ॲप्स असतात.

समजा, फोटो १२०० पिक्सेल उंच आहे. एका केबलचं वरचं टोक दिसतं (५००, ३००) वर आणि खालचं (१३००, ९००) वर. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील. चढ:

(९०० − ३००) ÷ (१३०० − ५००) = ६०० ÷ ८०० = ०.७५

धन! पण केबल तर डावीकडून उजवीकडे खाली येतेय. मग? स्क्रीनवर य खालच्या दिशेने मोजतात. वरचा डावा कोपरा (०, ०), आणि खाली जाल तसा य वाढतो. आमच्या कामात हे रोजचं आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळात टाकतं. शाळेच्या पद्धतीत आणायचं तर प्रत्येक य १२०० मधून वजा करा. बिंदू झाले (५००, ९००) आणि (१३००, ३००). चढ आला −०.७५. आता समीकरण:

य − ९०० = −०.७५ × (क्ष − ५००)
य = −०.७५ × क्ष + १२७५

झालं का? नाही, तपासायचं राहिलं. ज्या दोन बिंदूंवरून काढलं, ते तर पास होणारच. खरी परीक्षा तिसऱ्या बिंदूची. क्ष = ९०० टाका: −६७५ + १२७५ = ६००. फोटोत (९००, ६००) पाशी केबल दिसते का? दिसत असेल तर समीकरण बरोबर. किंचित खाली दिसत असेल, तर केबलला स्वतःच्या वजनाने थोडा झोल आहे किंवा तुमचं बोट हललंय. परीक्षेतही हे करा. अर्धा मिनिट लागतो, आणि चिन्हाची चूक तिथेच सापडते.

शेजारच्या केबलचाही चढ काढा. दोन्ही चढ सारखे आले तर फोटोत त्या समांतर आहेत. वेगळे आले तर पुढे कुठेतरी मिळतात. मात्र एक सांभाळा: तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत सरळ रेषा सरळच राहते, पण चढ बदलतो, आणि प्रत्यक्षात समांतर असलेल्या रेषा एकमेकींकडे झुकलेल्या दिसू शकतात. म्हणून शक्य तितकं समोरून उभे राहा.

उभ्या खांबाचं काय?

आता त्याच फोटोत प्लॅटफॉर्मवरचा दिव्याचा खांब धरा, सरळ उभा. वरचं टोक (७००, ८००), खालचं (७००, २००). चढ काढायला गेलात तर क्ष मधला फरक शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणजे य = म × क्ष + स हे रूप इथे चालतच नाही. प्रोग्राममध्ये हे विसरलं तर ॲप तिथेच कोसळतं किंवा वेडावाकडा आकडा देतं.

पण खांबाच्या प्रत्येक बिंदूला काय सारखं आहे? क्ष. म्हणून त्याचं समीकरण नुसतं क्ष = ७००. यासाठीच बोर्डाच्या पुस्तकात सामान्य रूप असतं:

अ × क्ष + ब × य = क

खांबासाठी अ = १, ब = ०, क = ७००. केबल याच रूपात लिहायची तर ०.७५ × क्ष + य = १२७५, आणि अपूर्णांक नको असेल तर चारने गुणून ३ × क्ष + ४ × य = ५१००. तीच रेषा, वेगळे कपडे. भाग १ मधली समीकरणं या रूपात का लिहिलेली असतात, ते आता कळलं असेल: यात आडवी, उभी, तिरकी, सगळ्या रेषा बसतात.

रुळांवरच्या रेषा

रे रोडला आलोच आहोत तर लोकलबद्दल बोलल्याशिवाय कसं जाणार? हार्बर मार्गाचा कुर्ला ते रे रोड हा टप्पा १९१० साली सुरू झाला, आणि देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला याच मार्गाने, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. इतक्या गाड्या एका मार्गावर एकमेकींना न अडकता कशा धावतात? रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात यासाठी चार्ट असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे त्यावरची एक रेघ. उभी राहिलेली गाडी म्हणजे आडवी रेघ, वेगातली गाडी म्हणजे जास्त चढ.

सोपं करून बघू. समजा, एक गाडी शून्य मिनिटाला निघाली, दर मिनिटाला ०.५ किलोमीटर. दुसरी त्याच ठिकाणाहून, त्याच रुळावरून, सहा मिनिटांनी, दर मिनिटाला ०.६ किलोमीटर. दोघी मधे थांबत नाहीत असं धरू. पहिलीचं समीकरण: य = ०.५ × क्ष. दुसरीचा माहीत असलेला बिंदू (६, ०), चढ ०.६:

य = ०.६ × (क्ष − ६) = ०.६ × क्ष − ३.६

इथे स आहे −३.६. म्हणजे शून्य मिनिटाला गाडी उणे ३.६ किलोमीटरवर? अर्थातच नाही, तेव्हा ती निघालीच नव्हती. स हा इथे नुसता हिशेबातला आकडा आहे, त्याला बाहेर काही अर्थ नाही. खरी माहिती होती (६, ०) मध्ये. टॅक्सीत जे बघितलं, तेच.

आता दोन्ही समान करा: ०.५ × क्ष = ०.६ × क्ष − ३.६. म्हणून ०.१ × क्ष = ३.६, क्ष = ३६, आणि य = १८. छत्तिसाव्या मिनिटाला, अठराव्या किलोमीटरवर दोन्ही रेषा छेदतात. परीक्षेत हे चार मार्कांचं उत्तर. एकाच दिशेने, एकाच रुळावर जाणाऱ्या गाड्यांसाठी त्याचा अर्थ असा की त्याच्या बऱ्याच आधी मागच्या गाडीला थांबवायला हवं, किंवा पुढच्या गाडीला बाजूला घ्यायला हवं.

जिथे रेषा संपते

शेवटी एक सावधगिरी. रेषा कुठवर खरी, हेही समीकरणाबरोबर लिहायचं असतं. टॅक्सीचं आपलं समीकरण दीड किलोमीटरपासून पुढे खरं. अर्धा किलोमीटर गेलात आणि २०.६६ × ०.५ म्हणून दहा रुपये पुढे केलेत, तर भांडण होईल आणि चूक तुमची असेल, कारण तिथे भाडं सपाट ३१ आहे. रस्त्यात अडकलात तर थांबण्याचे पैसे वेगळे चढतात, म्हणून ट्रॅफिकमधलं भाडं रेषेच्या थोडं वर जाणारच. म्हणजे मीटरचा आकडा आपल्या उत्तरापेक्षा पाच-दहा रुपयांनी जास्त दिसला, तर लगेच संशय घेऊ नका. बरोबर ३१ ने जास्त सांगितला, तर मात्र विचारा.

आणि काही गोष्टी रेषा नसतातच. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये. एक किलोमीटर जा की साडेचार, दहाच. पुढे एकदम उडी. या पायऱ्या आहेत, त्यावर दोन बिंदू घेऊन रेषा ओढली तर ती मधल्या सगळ्या ठिकाणी खोटं बोलेल. म्हणून तिसरा बिंदू तपासायचा.

आजचं सगळं तीन प्रश्नांत मावतं. एक, चढ किती, दर कशाला काय? दोन, खात्रीने माहीत असलेला बिंदू कुठला? तीन, कुठपासून कुठपर्यंत हे खरं? पहिली दोन उत्तरं मिळाली की समीकरण तयार, तिसरं मिळालं की ते वापरण्याजोगं.

घरचा अभ्यास: रिक्षाचा १ फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर, पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४. समीकरण काढा. स एकोणतीस पैसे आला तर बरोबर. २६ आला, तर बिंदू कुठला घेतलात ते एकदा बघा.

पुढच्या भागात भेटू. तोवर मीटरवर लक्ष ठेवा.